९ डिसेंबरची मोजणी

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त आठवणी लिहून पाठवा असं पत्र आलं आणि पहिले आठवले ते भूगोलाचे सर. आपल्या शाळेत त्यांची ओळख करून द्यायला नको. स्नेहसंमेलनं, सहली, एनसीसीची परेड यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. सर ते रंगवून सांगत. पण त्यांचा दिवस पाच दिवसांनी यायचा. ९ डिसेंबरला ते फळ्यावर सौराष्ट्राचा किनारा काढत आणि दीवच्या खाली समुद्रात एक फुली मारत. त्याच युद्धात, ९ डिसेंबरला, तिथे पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं टॉर्पेडो सोडून आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण गेले. ‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत माणसांना बाहेर काढत राहिले. स्वतःचं जीवरक्षक साधन त्यांनी एका नौसैनिकाला देऊन टाकलं. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

मग मोजणी. पहिल्या बाकापासून एकेकानं उभं राहून आकडा म्हणायचा. एक, दोन, तीन, असं थेट १९४ पर्यंत. वर्ग संपला की पुन्हा पहिल्या बाकापासून. एका वर्षी शंभरीच्या पुढे गेल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सर रागावले नाहीत. डस्टर टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, “पहिल्यापासून.” मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

पुढे मी मर्चंट नेव्हीत गेलो, चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झालो. इंजिनरूममधून डेकवर यायच्या त्या उभ्या लोखंडी शिड्या, हाताला लागणारं तेल, दिवे गेल्यावरचा काळोख हे सगळं मी अनुभवलंय. जहाज काही मिनिटांत जातं तेव्हा खाली ड्युटीवर असलेल्यांचं काय होत असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. बोट ड्रिलला, म्हणजे जहाज सोडण्याच्या सरावाला, मी माणसं नेहमी स्वतः मोजायचो. ती सवय सरांची.

दीवला टेकडीवर ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. सरांना तिथे न्यायचं राहून गेलं, याची खंत आहे.

२०२३ चा नौदल दिन आपल्या मालवणात झाला. केवढी गर्दी, केवढा अभिमान! मीही होतो. पण पाच दिवसांनी, ९ तारखेला, गावात कुणाच्या तोंडून ‘खुकरी’चं नाव ऐकलं नाही. शाळेतही ती मोजणी आता होत नाही म्हणे. विजयाचा दिवस साजरा करायला कुणी शिकवावं लागत नाही, दुसरा मात्र शिकवावा लागतो. सर तो शिकवत होते.

मुख्याध्यापकांना विनंती आहे, येत्या ९ डिसेंबरला दहावीच्या वर्गात मोजणी पुन्हा सुरू करावी. फळ्यावर किनारा काढायला मी येईन. आमच्या बॅचचे बरेच जण यायला तयार आहेत, त्यांच्यासाठी मागे चार बाकं ठेवावीत.