ईएमए टेस्ट, बारकोड आणि शेजारच्या दादांचं रक्त : माझा अनुभव

ताप आला की मुलाचे डोळे पिवळे व्हायचे. आत्यांनी काविळीची माळही घालून पाहिली, पण लिव्हरमध्ये काही दोष नव्हताच. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासलं, प्लीहा (जुन्या रक्तपेशी गाळणारा पोटातला अवयव) वाढलेली हाताला लागली. एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, ३७, म्हणजे जास्त; स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, गोल गोल पेशी. सिकलसेल-थॅलेसेमिया शोधणारी एचपीएलसी तपासणी नॉर्मल, शरीरच आपल्या तांबड्या पेशींवर उठलंय का ते सांगणारी कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह. संशय हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी गोल होण्याच्या आनुवंशिक आजाराचा. तांबड्या पेशीचं आवरण आतल्या सांगाड्याला धरून ठेवणारं एखादं प्रथिन, अँकायरिन, स्पेक्ट्रिन किंवा बँड ३, कमी पडतं. मग आवरण थोडंथोडं गळत जातं, पेशी चपटी न राहता गोल होते आणि प्लीहेच्या अरुंद फटींत अडकून मरते; अशा मेलेल्या पेशींमुळेच डोळे पिवळे होतात, पित्तात खडेही होतात. ईएमए टेस्टमध्ये ईएमए हा चमकणारा रंग पेशींना लावतात; तो मुख्यतः बँड ३ ला चिकटतो. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, ती कमी भरली, तर निदान जवळजवळ पक्कं.

इथवर सगळं सुरळीत. अडलं ते कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर.

ही टेस्ट करणाऱ्या मुंबईच्या लॅबने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं : मुलाच्या नमुन्यासोबत त्याच वेळी काढलेला, नात्यात नसलेल्या निरोगी माणसाचा नमुना हवा. प्रवासात रक्त बिघडलं तर त्यावरून कळतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बिल एकाचंच आहे, बारकोड एकच निघणार." मग म्हणाला, "वडिलांचं द्या ना." अहो, हा आजार बहुतेक घरांत आई किंवा वडिलांकडूनच येतो! त्यांचंच रक्त निरोगी म्हणून कसं पाठवायचं? शेजारचे दादा बाही वर करून बसलेले, ऑफिसला उशीर होतोय, आणि हा सिस्टिम दाखवतोय. शेवटी मीच मुंबईला फोन लावून त्याच्या कानाला दिला. तेव्हा दुसऱ्या ट्यूबवर हाताने 'कंट्रोल' लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत! इतकं सोपं होतं तर मला तासभर उभं का केलं?

तोवर कुरिअर गेलेलं. वर शुक्रवार. नमुना गार ठेवून ४८ तासांत पोचायला हवा होता, आणि रविवारी लॅब बंद. म्हणजे सोमवारी पुन्हा मुलाला सुई, पुन्हा दादांना विनवणी. म्हणून सांगते, सोमवार-मंगळवारीच रक्त द्या. ट्यूब जांभळ्या झाकणाची. आइस पॅक तिला थेट टेकू देऊ नका, थंडीने रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : नुकतंच रक्त चढवलं असेल तर टेस्ट थांबवा, दात्याच्या पेशी मिसळून निकाल फसवा येतो.

रिपोर्टमध्ये चमक कमीच निघाली. आता फॉलिक ॲसिड चालू आहे, पित्ताच्या खड्यांसाठी अधूनमधून सोनोग्राफी. प्लीहा काढायची वेळ आलीच तर शक्यतो सहा वर्षांनंतर, तीही न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब या लसी आधी देऊन. मुलाच्या बाबांचाही स्मिअर केला, तिथेही गोल पेशी. सासऱ्यांचं पित्ताशय तरुणपणीच काढलेलं, ते मात्र म्हणतात, "माझं अंगच काविळीचं." रक्त द्यायला अजून तयार नाहीत.