बँडवाला संगीतकार कसा? तुम्ही विचारलेत म्हणून

लातूर जिल्ह्यातल्या लग्नांत मी ट्रम्पेट वाजवतो आणि आमच्या बँडसाठी सुरावटी रचतो. “मास्तर, गाणी तर दुसऱ्यांचीच वाजवता, मग स्वतःला संगीतकार कसे म्हणवता?” असे मला अनेकदा विचारले जाते, आणि प्रत्येक वेळी मला चिक चॉकलेटची आठवण होते.

त्याचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातील हळदोणे गावी जन्मलेला हा ट्रम्पेटवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवून इतका गाजला की लोक त्याला, अमेरिकेच्या विख्यात जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुढे तो चित्रपट-संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक झाला. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात तर तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्या काळी संगीतकार पेटीवर चाल ऐकवत आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले गोव्याचे वादक ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे ते लिहून काढत. मुखडा संपल्यापासून अंतरा सुरू होईपर्यंत जे वाजते, त्यातले बरेचसे याच मंडळींनी घडवले. गाणे आठवताना आपण ते तुकडेही शब्दांच्या जोडीने गुणगुणतो, म्हणून त्यांना नुसता भराव समजणे मला अन्यायाचे वाटते.

१९५१ मध्येच ‘नादान’ या चित्रपटाला चिकने स्वतंत्रपणे संगीत दिले. त्यातले तलत महमूद यांचे ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ अवश्य ऐका. एवढ्या दणदणीत वाद्याच्या वादकाने इतके हळुवार गाणे रचावे, यातच त्याची समज दिसते.

आता माझ्या कामाविषयी. ट्रम्पेटला खटके, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, तीनच. त्यांच्या वेगवेगळ्या जोडण्यांतून नळीच्या सात लांब्या मिळतात आणि बाकी सारे सूर ओठांच्या ताणावर व श्वासावर काढावे लागतात. आमच्या ट्रम्पेटचा मोकळा सा, म्हणजे एकही खटका न दाबता निघणारा, पेटीवरच्या काळी पाचचा, त्यामुळे मूळ गाण्याची पट्टी बदलावी लागते. गायकाची मींड वाजवायची तर खटका अर्धाच दाबून, ओठ किंचित सैल करून सूर घसरवावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात पितळ तापले की सूर चढतो आणि सुराची नळी थोडी बाहेर ओढल्याशिवाय क्लॅरिनेटशी मेळ बसत नाही.

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघाला की गाणे चार मिनिटांत संपते, वाट मात्र अर्धीही सरलेली नसते. तेच कडवे पुन्हापुन्हा वाजवले तर नाचणारी मुलेही कंटाळतात. तेव्हा दोन कडव्यांच्या मधे मी माझी सुरावट घालतो: आधी ट्रम्पेटवर एकट्याने चार आवर्तने, मग क्लॅरिनेटचे उत्तर, शेवटी युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्याचा खर्ज. गावातल्या भजनात ऐकलेला भूप राग त्यात अनेकदा येतो, कारण त्याचे पाच स्वर रस्त्यावरच्या गलक्यातही स्पष्ट ऐकू जातात. यातल्या काही सुरावटी आता आजूबाजूच्या गावांतले बँडही वाजवतात. त्या कोणी रचल्या हे तिथल्या पोरांना ठाऊक नसते. म्हणून हल्ली मी त्या सारेगममध्ये वहीत उतरवतो, वर तारीख घालतो आणि खाली माझे नाव लिहितो.