तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांच्या टेबलाचे अडीच इंच

इंदिरानगरच्या आमच्या घरी येणारे नातेवाईक टेबलाकडे पाहतात आणि मला एकच प्रश्न विचारतात, "बाबांच्या टेबलाचे पाय कापलेस, तेही गेम खेळायला?" प्रत्येकाला तुटक उत्तरे देऊन मी थकले आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

गेम खेळायला, हे अर्धेच खरे आहे. दिवसाचे नऊ तास मी त्याच टेबलावर कंपनीचे काम करते आणि रात्री तास-दीड तास खेळते. दोन टेबले मावतील एवढी जागा आमच्याकडे नाही. पैसे आधी चुकीच्या जागी घातले, हे मात्र मान्य आहे. 27 इंची, 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकणारा, मॉनिटर घेतला आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडा आपणच निवडायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे तीन महिने 60 वरच चालवला. टेबलाची उंची मोज, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी ऐकलेही नसते. टेबल 30 इंच उंच होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून आल्यावर बाबा त्यावर वही ठेवून हिशेब लिहीत आणि त्यांना ती उंची सोयीची होती. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. कीबोर्डवर हात ठेवताना खांदे उचलावे लागत आणि ते दुखू लागले, की मी कोपरांचा भार टेबलाच्या कडेवर टाकत असे.

एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट त्याआधी आठवडाभर बधिर होते आणि मी दोष माऊसला देत होते. डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिले आणि सांगितले, की करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला लागून, कातडीच्या अगदी खालून जाते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या हिच्यामुळेच. टणक कडेवर ती रोज तासन्‌तास दाबली जात होती. गोळ्यांच्या आधी बसायची जागा बदला, असे ते म्हणाले.

खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यायचा होता, असे आत्या म्हणते. घेतला होता, महिनाभर. कामाच्या वेळी तो चाले. खेळताना पाय हलले, की सरकून भिंतीला लागे. जड, पक्का फूटरेस्ट करून घेतला असता तर कदाचित भागले असते. तेव्हा मी घाबरले होते आणि मला थांबायचे नव्हते.

सुतारकाकांनी आधी नकार दिला. "ताई, सागवान आहे. एकदा कापलं की गेलं." मी हट्ट धरला. त्यांनी टेबल उलटे केले, चारही पायांवर अडीच इंचांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत घेतली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पहिला तुकडा फरशीवर पडला, तेव्हा लाकडाचा वास खोलीभर पसरला आणि कापलेला भाग इतका ताजा, पिवळसर निघाला, की हे टेबल चाळीस वर्षांचे आहे असे वाटेना. मी आईकडे पाहिले नाही. तिला आधी विचारायला हवे होते. मी फक्त कळवले होते.

टेबलाबरोबर मॉनिटरही खाली गेला आणि मान वाकू लागली, म्हणून मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर वर उचलून धरणारा दांडा, बसवला. त्याच्या शिकंज्याचा वण मागच्या कडेवर उठला आहे. खाली चामड्याचा तुकडा ठेवायचे मला उशिरा सुचले. बोटे पुष्कळ सुधारली आहेत, तरी लांबलेल्या दिवसानंतर करंगळीत अजून मुंग्या येतात. मग पाय कापून काय मिळवले, हा प्रश्न मीही स्वतःला विचारते. काही दिवस उत्तर माझ्या बाजूचे असते, काही दिवस आईच्या.

त्या दिवशी भुसा झाडताना तिने सुतारकाकांकडून प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या पायाच्या आतल्या बाजूला 1 ते 4 आकडे लिहून घेतले. तुकडे तिच्या कपाटात आहेत.