ती घराबाहेर कशासाठी पडली?

आठवीत आम्हांला मराठी शिकवणाऱ्या बाई ग्रंथालयाचेही काम पाहत. पुस्तक परत करायला गेलेल्या मुलीला त्या गोष्ट सांगायला लावत नसत. विचारत एवढेच, "यातली बाई घराबाहेर पडते का? आणि पडते ती कशासाठी?" उत्तर देता आले नाही, तर तेच पुस्तक पुन्हा घरी न्यावे लागे. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे ठरल्यावर शाळेच्या ऋणांची यादी करावी असे मला वाटले नाही. या एका प्रश्नाबद्दलच लिहिते, कारण आजही नवे पुस्तक उघडले की तो आधी पुढे येतो.

तेव्हा आम्हांला नाद होता तो जुन्या अद्भुत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. हरिभाऊ आपटे, दातारशास्त्री, नाथमाधव. पाने पिवळी पडलेली, शिवण सुटलेली, आणि आत भुयारे, वेषांतरे, मध्यरात्रीचे घोडेस्वार. नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि त्यांचे कमरेखालचे अंग लुळे झाले. त्यानंतर अंथरुणाला खिळून त्यांनी 'वीरधवल'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, हे बाईंनी सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला होता. ज्यांना स्वतःला उठता येत नव्हते त्यांनी आम्हांला रात्रभर दौडवले, याबद्दल मला आजही त्यांचे फार कौतुक वाटते.

बाईंच्या प्रश्नाने या पुस्तकांतले एक गुपित मात्र उघडे पडले. नायक पहिल्याच पानावर घोड्यावर बसून निघतो. मृगयेला, मोहिमेवर किंवा नुसता देश पाहायला. तो का निघाला असे कोणी विचारत नाही. नायिका निघाली की आधी कारण द्यावे लागते. पाठ्यपुस्तकातली हिरकणी घ्या. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रात्री रायगडाचा कडा उतरून जाणारी ती गवळण. दंतकथा असली तरी कडा खरा आहे, आणि पुढे रायगडावर जाऊन तो वरून पाहिल्यावर माझे पाय थरथरले होते. "कशासाठी उतरली?" या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात ओरडला होता, "बाळासाठी!" बाई म्हणाल्या, "बरोबर. आणि बाळ नसते तर तिची गोष्ट कोणी सांगितली असती का?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

'गड आला पण सिंह गेला' ही हरिभाऊंची १९०३ सालची कादंबरी. सती निघालेल्या कमलकुमारीला उदयभानू पळवून कोंढाण्यावर आणतो आणि तिच्या सुटकेचा धागा तानाजीच्या पराक्रमात गुंफलेला आहे. कमलकुमारी मला फार आवडायची, तिच्यासाठी मी रडलेही होते. बाईंनी शांतपणे सांगितले, "ही बाहेर पडली नाही. हिला नेली." त्या दिवशी मला बाईंचा राग आला होता. पण वाचताना बाईमाणूस स्वतः काही करते आहे की तिच्यामुळे इतरांना काही करावे लागते आहे, हा फरक मला कळला तो तिथेच.

पुढे कॉलेजात गेल्यावर नारो सदाशिव रिसबुडांच्या 'मंजुघोषा'ची, म्हणजे १८६८ सालची, प्रस्तावना वाचली. रिसबुडांची अडचण अशी, की आमच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांनी आम्हा हिंदूंच्या आयुष्यात रोचक असे काही घडतच नाही. रोज अनुभवतो तेच लिहिले तर ते वाचणार कोण? म्हणून अद्भुताचा आधार. मराठी समीक्षेने या कादंबऱ्यांना असंभाव्य म्हणून बाजूला सारले आणि ते कलेच्या हिशेबाने रास्तही असेल. मला मात्र ती प्रस्तावना फार प्रामाणिक वाटते. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला माजघर आणि परसदार यांपलीकडे जग नव्हते. तिला रानात, गुहेत किंवा परमुलखात पाठवायचे तर खऱ्या घराची चौकट मोडण्यावाचून लेखकाला इलाज नव्हता. वास्तवाच्या बाजूने लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यातल्या यमुनेला मुलूख दिसतो तो नवऱ्याबरोबर, आणि ठिकठिकाणी तिला भेटतात त्या विधवांच्या कहाण्या. पुढे वैधव्य तिच्याही वाट्याला येते.

कारणाशिवाय बाहेर पडणारी बाई मला पहिल्यांदा भेटली ती शाळेच्या कपाटात नव्हे. बाजारपेठेतल्या भाड्याच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या पुस्तिका मिळत. त्यांतला नायक झुंझार, त्याची बायको विजया ही नवऱ्याची वाट पाहत घरी बसणारी नव्हती. संकटात ती बरोबरीने असे आणि त्यात तिला मौज वाटे. रहस्यकथा वह्यांखाली लपवून वाचायचे ते दिवस, पण बाईंपुढे मी धीर करून विजयेचे नाव घेतले. त्या रागावल्या नाहीत. "तिला आवडते म्हणून ती जाते, असे म्हणतेस? मग ही नवी आहे," एवढेच म्हणाल्या. मुंबईच्या पडद्यावर ही मौज त्याआधीच येऊन गेली होती. वाडिया मूव्हीटोनच्या १९३५ च्या 'हंटरवाली'त नादिया या नटीने चाबूक हातात घेतला. कथेतले निमित्त बापाच्या सुटकेचे होते, पण पुढच्या चित्रपटांत धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्याला बापाचे निमित्त लागत नाही.

पण या सगळ्यांहून खोल रुतली ती कादंबरीतली नव्हे, प्रवासवर्णनातली राणी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना लक्ष्मीबाई दिसल्या. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढे झाले, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही काढू नका, मीच काढते, असे म्हणून त्यांनी स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने त्या प्यायल्या. मग त्या भिक्षुकाला त्यांनी सांगितले, की मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला या उद्योगात पडण्याची गरज नव्हती, धर्माचा अभिमान धरून पडले. 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून काढले, तेव्हापासून हा प्रसंग लोक वाचत आले आहेत आणि बहुतेकांचे डोळे त्या निराशेवर खिळतात. मला त्यात बाईंचा प्रश्न ऐकू येतो. किल्ला गेलेला, पाठीवर इंग्रज फौज, घसा कोरडा. अशा वेळीही एका भटजीपुढे राणीला आपण घराबाहेर का पडलो याचा खुलासा करावासा वाटतो. तात्या टोप्यांनी असा खुलासा कोणापुढे केल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या विहिरीनंतर पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरला अठराव्या वर्षात असलेली आनंदीबाई जोशी भर सभेत इंग्रजीतून बोलायला उभी राहिली. मी अमेरिकेला का जाते, हाच तिचा विषय. इथे का शिकत नाहीस, एकटी कशी राहशील, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, असे लोकांनी विचारून सोडलेले सगळे प्रश्न तिने स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे तिचे मुख्य कारण. एप्रिलमध्ये नवऱ्याला मागे ठेवून ती कलकत्त्याहून बोटीत बसली. १८८६ साली फिलाडेल्फियात तिला पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात ती वारली. एकाही 'असंभाव्य' कादंबरीतली नायिका इतकी लांब गेलेली मला आठवत नाही.

तिचे चरित्र लिहिले काशीबाई कानिटकरांनी. लग्नानंतर, घरातल्या मोठ्यांचा विरोध सोसत वाचायला शिकलेली ही बाई. त्याच काशीबाईंनी पुढे 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी लिहिली. ती १९२८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती येतो आणि त्या तो चालवून दाखवतात. भुयार नाही, पुरुषवेष नाही. न्याय, शिक्षण, कामाची वाटणी. मला ही मराठीतली मोठी साहसकथा वाटते, आणि तिचे नाव आपल्या पोरींना ठाऊक नसावे याची खंत वाटते.

शाळा सुटल्यावर मी सरकारी नोकरीत, दुर्गम तालुक्यांत फिरतीच्या कामावर गेले. "एकटी कशाला जातेस?" हे मुक्कामाच्या प्रत्येक गावी ऐकले. मी कामाचे कारण सांगत असे आणि ते खरेही होते. पण डोंगर चढायला, नवी वस्ती पाहायला मला आवडत होते, हे त्याहून खरे होते. ते मोकळेपणाने बोलायला मला बरीच वर्षे लागली.

आताच्या मराठीच्या शिक्षकांना एक विनंती करते. नववीच्या वर्गात आनंदीबाईंचे श्रीरामपूरचे भाषण, भाषांतर का होईना, पूर्ण वाचून घ्या. उतारा नको, अख्खे भाषण. दोन तासिका लागल्या तरी चालतील. मग मुलींना विचारा, तुम्हांला कुठे जायचे आहे. कशासाठी, हे त्यांना विचारू नका.