सोलापूर ते मंगळवेढा: मोटरहोममध्ये नेण्याजोग्या शेगडीची निवड

गड्ड्याची यात्रा ओसरल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, आम्ही भाड्याच्या मोटरहोमने सोलापूरहून माचणूर, मंगळवेढा आणि पंढरपूर असा तीन दिवसांचा प्रवास केला. अंतर फारसे नव्हते. माचणूर सुमारे 40 किलोमीटर, तेथून मंगळवेढा 15 आणि पंढरपूर त्यापुढे 25. उन्हाळ्यात कोकणात पंधरा दिवस फिरण्याचा बेत असल्यामुळे स्वयंपाकासाठी कोणते लहान ग्रिल विकत घ्यावे, हे आधी घराजवळ पारखून पाहण्याचा आमचा खरा हेतू होता. त्यासाठी मेहुण्यांची घडीची कोळशाची शेगडी, स्नेह्यांकडून उसनी आणलेली झाकणाची गॅसची शेगडी आणि घरचे विजेचे ग्रिल असे तीन प्रकार बरोबर घेतले होते.

विजेचे ग्रिल निघण्यापूर्वीच बाद झाले. गाडीत 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. म्हणजे कागदावर 1200 वॅट-तास, आणि अशी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये हे धरले तर हाती 600. आमचे ग्रिल 1600 वॅटचे, त्यामुळे जेमतेम वीस-बावीस मिनिटांत सारा साठा संपला असता. शिवाय ते बॅटरीतून 130 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते आणि गाडीतला इन्व्हर्टर त्या तोलाचा नव्हता. मुक्कामी विजेची जोडणी हमखास मिळणार असेल तरच हा प्रकार न्यावा.

माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे जुने मंदिर आहे, आणि लगतच्या ब्रह्मपुरी येथे 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी होती. मंदिरापासून बरेच अलीकडे, जागेच्या मालकांना विचारून आम्ही गाडी लावली. देवस्थानाच्या परिसरात सामिष भाजणे बरे दिसत नाही, म्हणून भरताची वांगी, कांदे आणि मक्याची कणसे एवढाच बेत ठेवला होता.

पहिल्या रात्री कोळशाची शेगडी काढली. चव तिचीच उत्तम, हे मान्य करावे लागेल. धुराचा वास वांग्याच्या गरापर्यंत उतरतो, तो गॅसवर येत नाही. परंतु नदीवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे निखारे एका बाजूला भडकत आणि दुसऱ्या बाजूला विझत होते, कोळसे धरण्यातच अर्धा तास गेला, आणि ठिणग्या वाळलेल्या गवताकडे जाऊ लागल्यावर पत्नीला पाण्याची बादली घेऊन पहारा करावा लागला. खरी अडचण सकाळी आली. न्याहारीसाठी पुन्हा पेटवलेली ही शेगडी निघायच्या वेळी धगधगतच होती. तापलेली शेगडी गाडीत ठेवता येत नाही, आणि राखेत दडलेला निखारा बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, ज्याला ना रंग ना वास. दीड तास वाट पाहून मी उतावीळपणे जाळीवर पाणी ओतले. टण्ण असा आवाज झाला आणि बिडाची जाळी मधोमध तडकली. मेहुणे काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, आणि ते मला जास्त लागले.

त्या सकाळपासून माझा निकष बदलला. दुकानात आपण शेगडी घडी केल्यावर केवढी होते ते पाहतो. प्रवासात ती किती वेळात हाताला सोसेल इतकी थंड होते, यावर निघण्याची वेळ ठरते. पातळ पत्र्याची जाळी असलेली गॅसची शेगडी दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटांत आवरता आली. तिच्यात जड बिडाची जाळी बसवली तर भाजणी अधिक एकसारखी होते, पण थांबणे जवळजवळ दुप्पट होते. रोज मुक्काम हलवणाऱ्यांनी पातळ जाळी घ्यावी. झाकण मात्र असलेच पाहिजे, कारण वाऱ्यात झाकणाविना वांगी वरून करपतात आणि देठाशी कच्ची राहतात. तेलाचा ट्रे पुढून ओढून काढता येतो की शेगडी उलटी करावी लागते, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

परदेशी बनावटीची शेगडी घेताना ती कोणत्या सिलिंडरवर चालते ते आधी विचारावे. अमेरिकी पद्धतीचे एक पौंडाचे प्रोपेनचे डबे आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. आम्ही 5 किलोचा सिलिंडर वापरला. साधारण 3 किलोवॅटचा बर्नर तासाला पाव किलोच्या आसपास गॅस घेतो, म्हणजे तो वीसेक तास पुरतो. सिलिंडर उभाच बांधावा, गाडी चालू असताना रेग्युलेटर काढून ठेवावा आणि प्रत्येक जोडणीनंतर साबणाचा फेस लावून गळती तपासावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून जमिनीलगतची झरोक्याची जाळी चटईखाली झाकली गेलेली नाही ना, हे आम्ही रोज पाहत होतो.

मंगळवेढ्याच्या शिवारात ओळखीच्या शेतकऱ्यांकडे हुरडा होता. मी उत्साहाने चार कणसे गॅसच्या शेगडीवर ठेवली. कुसे जळून गेली आणि दाणे वाळून कडक झाले. यजमानांनी ते हातावर घेऊन पाहिले आणि म्हणाले, “दादा, ह्याला आगटीच लागती. गवऱ्यांच्या आरात पुरल्याशिवाय दाणा मऊ येत न्हाई.” त्यांनी वीतभर खोल खड्डा केला, कणसे आरात खोचली, पोत्यावर चोळली आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम दाणे ओंजळीत दिले. शेगडी तोवर झाडाखाली थंड होत होती. पंढरपूरहून परतल्यावर तसलीच एक पातळ जाळीची विकत घेतली, आणि मेहुण्यांसाठी बिडाची नवी जाळी.