आमची वाटचाल : टपावरून ॲक्सलवर

आमचं पहिलं गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलं. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, 1:10 मापाची पिकअप. हौद्यात टूलबॉक्स, टपावर खऱ्या पत्र्याचं कॅरिअर, त्यावर स्टेपनी आणि दोन जेरीकॅन. फोटोत नाद खुळा दिसायची. जोतिबाच्या डोंगरावर पहिल्याच चढाला तिनं मागं कोलांटी मारली, काच तडकली.

तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासणीला होतो. या गाड्या बनवायचं काम रात्री जेवणं झाल्यावर, घरातच. चढ जमत नाही म्हणून आधी जोरदार मोटर घातली, मग तीन सेलची बॅटरी. गाडी पूर्वीपेक्षा जोरात उलटली. शेवटी उद्यमनगरात जिथं मी बुश कातून घ्यायचो, तिथल्या लेथवाल्या मामांनी ती हातात घेऊन तिरकी करून बघितली. म्हणाले, "सगळं वजन टपावर चढवलंय की ओ. पलटी खाईल नाहीतर काय करील?"

त्यांनी पितळेच्या सळईतून रिमच्या आत बसतील अशा कड्या कातून दिल्या. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, त्यामुळं छोट्या जागेत बरंच वजन मावतं. टपावरचा पत्रा काढून प्लास्टिकचं कॅरिअर बसवलं, बॅटरी पुढच्या ॲक्सलकडं सरकवली. मोटर तर उलट जुनीच परत घातली, 55 टर्नची, म्हणजे तारेचे वेढे जास्त, सावकाश फिरणारी. तोच चढ गाडी मुंगळ्यासारखी चढून गेली. मामांनी त्या कड्यांचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या सगळ्यांचे मात्र चोख घेतात.

लांबी दहावा हिस्सा झाली की वजन हजारावा हिस्सा व्हायला पाहिजे. म्हणजे 2 टनांची पिकअप 2 किलोची. तेवढं आम्ही जमवतो. पण चिखल लहान होत नाही आणि मेटॅलिक रंगातला कणही. मोठ्या गाडीचा मेटॅलिक या गाडीवर मारला तर चमकी उधळल्यासारखा दिसतो. असा हट्ट धरणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

रंगाचं सगळं खातं सौ.कडं. तिचं माहेर कुंभार गल्लीतलं, एअरब्रश लहानपणापासून हातात. गणपतीत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. इथं मात्र पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक बॉडीला रंग आतून द्यायचा, म्हणून जे सगळ्यात वर दिसायचं ते सगळ्यात आधी मारायचं: पट्टे, मग मुख्य रंग, मग मागून पांढऱ्याचा हात. पहिली बॉडी तिनं सवयीनं बाहेरून रंगवली. एका करवंदीच्या जाळीत रंगाची सालं निघाली. फाळक्यावरची अक्षरं तर आतून उलटी लिहावी लागतात. एकदा 'आशीर्वाद'मधली वेलांटी चुकीच्या बाजूला गेली आणि दीर्घाची ऱ्हस्व झाली. गिऱ्हाईक नेमकं मराठीचे गुरुजी. बॉडी नव्यानं करून दिली.

चाकांना पाट्यांऐवजी (पट्ट्यांची स्प्रिंग) कॉइल स्प्रिंग का घालत नाही, हे सारखं विचारतात. चढाला कॉइल सरस, हे मान्य. पण टामिया या जपानी मॉडेल कंपनीनं 1981 साली जी 1:10 हायलक्स काढली, तिला शिडीसारखी चासी, तीन गिअर आणि पाटेच होते, आणि आजही ती उभी राहिली की खरी वाटते. शिवाय आमच्याकडं जास्त मागणी असते ती बोलेरो कॅम्परची, आणि खऱ्या कॅम्परलाही मागं पाटेच आहेत. तिची तयार बॉडी आम्हाला कुठं मिळाली नाही. एबीएस प्लास्टिकची शीट कापून, जोडून, घासून करतो. याला बाहेरून रंग चालतो, सौ. खूश.

बॅटरीवरून भांडणं झाली आहेत. लिपोच्या (लिथियम पॉलिमर बॅटरीच्या) एका सेलचा व्होल्टेज 3 च्या खाली गेला की ती गेलीच म्हणून समजा. मोटरच्या कंट्रोलरवरचा जंपर, म्हणजे बॅटरीचा प्रकार सांगणारी छोटी पिन, लिपोवरच ठेवायचा, असं आम्ही आता डब्यावर लाल अक्षरात लिहितो. तरी एकानं तो हलवला आणि फुगलेली बॅटरी आमच्या टेबलावर आणून ठेवली. अशा बॅटरीची भरपाई मिळणार नाही.

आता नोकरी सोडली आहे. घराच्या मागं पत्र्याची शेड, दोन टेबलं, एक हातानं दाबायचं ड्रिल. मोठं लेथकाम अजून मामांकडंच. पावसाळ्यात सौ. माहेरच्या कारखान्यात गणपतीच्या कामाला असते, त्यामुळं तेव्हा रंगाची ऑर्डर घेत नाही. बॉडी आणून द्या, चासीचं काम आम्ही करून ठेवतो. रंग गौरी-गणपती उरकल्यावर.