अडीच इंच, अडीच वर्षं

वादळात शिरीषाचं एक जुनं झाड मुळासकट उपटून आडवं झालं. मालक ते जळणाला देणार होते. पडलेलं खोड माझ्या कमरेपर्यंत येत होतं. तोवर मी दोन स्टूल आणि एक वाकडं कपाट, एवढंच केलेलं, तरी तोंडातून निघून गेलं, "टेबल करायला खोडाचा तुकडा मला द्याल का?" ते लगेच हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून "कधी उचलताय?" सुरू झालं.

उचलणं शक्यच नव्हतं. सव्वादोन मीटरचा ओला ओंडका टनाच्या वर भरतो. त्यामुळे चिरायचं यंत्रच झाडाकडे न्यायचं ठरलं. चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, एक चौकट बसवतात, ती वरच्या सपाट कापावरून सरकत जाते आणि प्रत्येक खेपेला एक फळी सुटते. तिसऱ्या फळीला ठिणग्या उडाल्या. कधीकाळी कुणीतरी पाटी लावायला ठोकलेला खिळा झाडाने आत गिळला होता. साखळीचे दात गेले. खिळ्याभोवती मात्र शाई सांडावी तसा निळा-काळा डाग उतरला होता. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की असा डाग पडतो. तो डाग आज टेबलावर आहे आणि येणारा प्रत्येक जण आधी त्यावरच बोट ठेवतो.

अडीच इंच जाडीच्या चार फळ्या निघाल्या. दोन्ही कडा झाडाच्याच, करवत न लागलेल्या. मधली सर्वांत रुंद, तपकिरी गाभा आणि दोन्ही बाजूंना फिकट पट्टे असलेली. टेबल हिचंच, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. फळीची टोकं मेणाने किंवा जाड रंगाने त्याच दिवशी बंद करायची असतात. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, पाणी त्या नळ्यांच्या तोंडांतून भराभर जातं आणि पृष्ठभागातून सावकाश. टोक आधी आटतं, मधला भाग ओलाच राहतो आणि टोक फाटतं. मी दमलो होतो, म्हटलं रविवारी बघू. रविवारी मधल्या फळीच्या टोकाला वीतभर चीर होती. मेण लावलं, पण चीर पुढे सरकतच राहिली, कारण ही फळी झाडाच्या मध्यबिंदूतूनच कापलेली. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून सालीकडे. ही ओढाताण मध्यातच सुटते. जाणता सुतार असता तर त्याने मधोमध फळी काढलीच नसती.

मग फळ्या वाळवायला रचण. जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत, वारं खेळेल अशी. दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर. हे अंतर चुकलं की फळी त्याच लाटेत वाळते. सर्वांत वर दगड ठेवले. ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष. म्हणजे अडीच वर्षं. घरच्यांना मी "काही महिने" सांगितलं होतं.

चौथ्या महिन्यात फळ्यांखाली पीठ पडलेलं दिसलं. गव्हाच्या पिठाइतकं मऊ, छोट्या छोट्या ढिगल्या. शिरीषाच्या फिकट लाकडात पिष्ट भरपूर असतं आणि कीड तेवढंच खाते, गाभ्याला सहसा शिवत नाही. साल ठेवायची माझी हौस तिथेच संपली. बोथट पटाशीने, कडेला खरचटू न देता, सगळी साल उतरवली आणि बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोनदा मारलं. नंतर पीठ दिसलं नाही. बारीक भोकं आहेत, ती तशीच ठेवलीत.

दीड वर्षाने ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणलं. आकडा १२ टक्के. घरात ठेवायच्या सामानाला साधारण ८ ते १२ चालतो, म्हणून मी नाचतच सर्वांत अरुंद फळीचं छोटं टेबल करून आत ठेवलं. दोन महिन्यांत ती फळी परातीसारखी खोलगट झाली. सुया वरवर टोचल्या होत्या, आत अजून ओल होती. ते टेबल आता कुंड्या ठेवायला आहे. नंतर मी यंत्रापेक्षा वजनकाट्यावर विसंबलो: त्याच रचणीतला, टोकांना मेण लावलेला फळीचा एक आखूड तुकडा दर महिन्याला तोलायचा. तीन महिने वजन हललं नाही, तेव्हा फळी आत घेतली.

सपाट करायला रंधा पुरत नव्हता. दोन समांतर रुळांवर राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड खरवडणारं यंत्र, सरकवत दर खेपेला दोन-तीन मिलिमीटर काढले. एक बाजू, मग उलटून दुसरी, मग पंधरा दिवस विश्रांती, मग पुन्हा. शिरीषाचा भुसा नाकात गेला की शिंकांचा मारा सुरू होतो. मास्क विसरलो तो दिवस संपूर्ण शिंकण्यात गेला.

राहिली चीर. तिच्यात निळं इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिक, ओतून नदी करा, असं सगळ्यांनी सुचवलं. मला त्या नद्या आवडत नाहीत. लाकडापेक्षा प्लॅस्टिकच डोळ्यांत भरतं. जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) या अमेरिकन कारागिराने अशा चिरा उघड्याच ठेवल्या आणि फुलपाखराच्या आकाराच्या चिप्प्यांनी अडवल्या. तेच केलं. पहिली चिप्पी बसवतानाच कमरेतून तुटली, कारण तिचे धागे मी चिरेच्याच दिशेने ठेवले होते. ते चिरेला आडवे हवेत. पुढच्या तीन नीट कापल्या, फळीवर ठेवून सुरीने कडा आखल्या आणि पटाशीने खाच पाडली. शेवटची हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत जाताना आवाज बदलत गेला, टक्‌टक्‌ वरून एकदम ठस्स. बसली.

पॉलिश पेपर ८० नंबरापासून २२० पर्यंत, मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उठलेले धागे पुन्हा घासले. मग जवसाचं तेल, वरून आणि खालूनही सारखंच, नाहीतर एकाच बाजूने ओल शोषून फळी वाकते. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

लोखंडी पाय बसवताना मित्र म्हणाला, चांगले आवळून टाक. पण लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, त्याला सरकायला जागा हवी. म्हणून मी पायांच्या पट्टीतली भोकं लांबट केली आणि बोल्ट जेमतेम आवळले. बोल्टाशेजारी पेन्सिलची एक रेघ मारली होती. दमट दिवसांत टेबलाखाली वाकून पाहिलं, तर बोल्ट रेघेपासून तीन मिलिमीटर सरकला होता. वर चीरही थोडी मिटली आहे. कोरड्या दिवसांत तिच्यात पोस्टकार्ड जायचं, आता अडकतं.